रात्रभर स्वप्नं, सकाळी थकवा: आधी काय तपासावं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं वय ३६, राहणं ठाण्यात, नोकरी फोर्टमधल्या बँकेत. त्यांनी लिहिलेलं थोडक्यात असं: रात्री बाराला पाठ टेकते, सकाळी सहाला गजर. मध्ये जाग आल्याचं आठवत नाही. पण रात्रभर स्वप्नं पडतात, एक संपलं की दुसरं, आणि सगळी बारीकसारीक तपशिलांसह लक्षात राहतात. त्या ती वहीत लिहून ठेवतात, इंटरनेटवर अर्थ शोधतात. उठताना अंग जड, डोकं भरलेलं. संध्याकाळच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की लगेच डोळा लागतो. एकदा ठाणं मागे पडलं आणि जाग आली ती डोंबिवलीला. मनगटावरचं घड्याळ रोज सांगतं की रेम झोप, म्हणजे ठसठशीत स्वप्नं पडतात ती झोप, प्रमाणापेक्षा जास्त आहे. चार महिन्यांपूर्वी मायग्रेनसाठी रोजची एक गोळी सुरू झाली. यजमान म्हणतात, मधूनमधून घोरतेस. सासूबाई म्हणतात, फार विचार करतेस, मनी वसे ते स्वप्नी दिसे. आणि प्रश्न असा: स्वप्नांमुळे मेंदूला विश्रांती मिळत नाही म्हणून थकवा येतो का, आणि स्वप्नं बंद व्हावीत म्हणून काय घेता येईल?

मी छातीविकाराची डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं झोपेच्या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण पाहते. ताई, तुमच्यासारखाच प्रश्न घेऊन येणारे पुष्कळ असतात आणि जवळजवळ सगळ्यांची खात्री असते की स्वप्नांनीच आपल्याला दमवलंय. माझ्या अनुभवात बहुतेकांची गोष्ट वेगळी निघते. त्यांची झोप रात्रीतून पुन्हा पुन्हा मोडत असते. त्या मोडण्यामुळे थकवा येतो आणि त्याच मोडण्यामुळे स्वप्नंही लक्षात राहतात. सकाळी आठवणारं स्वप्न ही त्या सुमारास तुम्हाला जाग आल्याची खूण आहे. त्यामुळे स्वप्नं बंद करण्याचा विचार जरा बाजूला ठेवू या, आणि तुम्हाला रात्री नेमकं कशामुळे जाग येते ते शोधू या.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात यूजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी नोंदवलं की झोपलेल्या माणसाची बुबुळं ठरावीक काळाने पापण्यांखाली वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर बहुतेक जण स्वप्न सांगतात. हीच ती रेम झोप. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, रात्रीत अशी चार-पाच होतात. पहिल्या आवर्तनांत गाढ झोप जास्त आणि रेमचा तुकडा जेमतेम काही मिनिटांचा. पहाटेकडे गाढ झोप जवळपास संपलेली असते आणि रेमचे तुकडे अर्ध्या तासापर्यंत लांबतात. पहाटेची स्वप्नं खरी होतात असं आपल्याकडे म्हणतात. त्या श्रद्धेबद्दल मी काही बोलणार नाही, पण पहाटेची स्वप्नं लांब आणि ठसठशीत असतात आणि उठायच्या वेळेला लागून असल्यामुळे आठवतात, इतकं शरीरशास्त्र नक्की सांगतं.

स्वप्न पडणं वेगळं, आठवणं वेगळं. रेम झोपेत मेंदूला सावध ठेवणारं रसायन नॉरअ‍ॅड्रेनलिन जवळजवळ थांबलेलं असतं आणि नवी आठवण पक्की होण्याची क्रिया मंदावलेली असते. स्वप्न संपून झोप तशीच पुढे सरकली तर ते काही मिनिटांत पुसलं जातं. जाग आली तरच ते हाती लागतं. फ्रान्समधल्या लियोंच्या संशोधकांनी २०१३ च्या सुमारास रोज स्वप्नं आठवणाऱ्या आणि क्वचित आठवणाऱ्या लोकांची झोप मोजली. रोज आठवणाऱ्यांचा रात्रीतला जागेपणाचा वेळ दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. अशी जाग थोडाच वेळ येते, आणि अर्ध्याएक मिनिटाची जाग सकाळी कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून एखाद्याने ‘मला मध्ये जाग येत नाही’ असं सांगितलं तरी मी तिथे थांबत नाही. तुम्हाला जाग आठवत नाही, पण स्वप्नं आठवतात, आणि माझ्यासाठी ती जाग आल्याचीच साक्ष आहे.

मेंदूच्या विश्रांतीबद्दलची तुमची भीती आधी दूर करते. रेम झोपेत मेंदू जागेपणाइतकाच काम करत असतो हे खरं. पण तो सगळ्यांचाच करतो, ज्यांना वर्षानुवर्षं एकही स्वप्न आठवत नाही त्यांचाही. मोठ्या माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा रेमचा असतो, म्हणजे सात तास झोपणाऱ्याला साधारण दीड तास. ती निरोगी झोप आहे. शिकलेलं पक्कं व्हायला आणि भावनांची धार कमी व्हायला तिचा उपयोग होतो. ती दाबणारी औषधं आहेत, पण थकवा घालवण्यासाठी ती घेणं म्हणजे आजार तसाच ठेवून त्याची खूण पुसणं.

आता तुमच्या माहितीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट, ती म्हणजे डोंबिवली. रुग्ण ‘थकवा’ म्हणतात तेव्हा मी विचारते, गळून गेल्यासारखं वाटतं की झोप येते? दुपारी आडवं पडलात तर नुसतं पडून राहता की डोळा लागतो? रक्त कमी असणं, थायरॉइड, मनाचा उदासपणा यात बऱ्याचदा गळून गेल्यासारखं वाटतं, पण आडवं पडूनही झोप येईलच असं नाही. बसल्या जागी पेंग येणं, स्टेशन निघून जाणं हे रात्रीची झोप अपुरी किंवा तुटलेली असल्याचं लक्षण आहे. हे मोजण्यासाठी मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली दिलेली एपवर्थ मोजपट्टी आम्ही वापरतो. वाचताना, टीव्ही पाहताना, गाडीत बसल्यावर अशा आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, याला प्रत्येकी ० ते ३ गुण. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलात तर तपास करायला हवा. ही इंटरनेटवर सहज मिळेल. आजच भरा आणि आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पहिला संशय तुमच्या झोपेच्या तासांवर. बाराला पाठ टेकली, झोप लागायला पंधरा-वीस मिनिटं, सहाला गजर. हाती पावणेसहा तासही येत नाहीत. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ साली सगळा अभ्यास एकत्र करून मोठ्या माणसांसाठी किमान सात तासांची शिफारस केली. माणसागणिक फरक पडतो, पण सहाच्या खाली राहून खरोखर ताजंतवानं असणारी माणसं फार थोडी. शिवाय कापला जातो तो रात्रीचा शेवटचा भाग, आणि तिथेच रेम सगळ्यात जास्त असते. सहाचा गजर बहुधा स्वप्नाच्या ऐन मध्यात वाजतो. ते स्वप्न ताजं हातात राहतं, आणि झोपेचा अंमल पुरता न उतरल्यामुळे पुढचा अर्धा तास डोकं जड राहतं. गजर दहा दहा मिनिटांनी पुढे ढकलत असाल तर प्रत्येक वेळी एक नवं अर्धवट स्वप्न आणि तीच गुंगी पुन्हा.

आठवडाभर रेम कापली गेली की संधी मिळताच शरीर ती वसूल करतं. रविवारी उशिरापर्यंत झोपलात की स्वप्नं जास्त दाट असतात का, हे आठवून पाहा. असतील तर संशय बळावतो.

उपाय सांगायला सोपा आणि करायला कठीण आहे, हे मला ठाऊक आहे. सहाला उठण्यामागे पाण्याची वेळ असते, डबे असतात, मुलांची शाळा असते, ठरलेली लोकल असते. ती बाजू हलत नाही, म्हणून रात्रीची बाजू पुढे ओढावी लागते. अकराला दिवा बंद करायचा तर साडेदहानंतर ओटा, कपड्यांच्या घड्या, उद्याची भाजी निवडणं हे सगळं एकटीने करून चालणार नाही. घरात सरळ सांगा की डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी सांगितलंय. यजमानांनी रात्रीचं आवरणं किंवा सकाळचे डबे यातलं एक काम आपल्याकडे घेतलं तर तुमच्या झोपेत अर्धा-पाऊण तास भर पडते, आणि कुठल्याही गोळीपेक्षा ती मोलाची आहे. मी नवऱ्यांना समोर बसवून हे सांगते. बहुतेक जण ऐकतात, कारण बायको सतत थकलेली असणं त्यांनाही बघवत नसतं.

इथे एक इशारा मला द्यायलाच हवा, कारण याच टप्प्यावर लोक उपाय सोडून देतात. झोप तासाभराने वाढवलीत की पहिले काही दिवस स्वप्नं वाढतील. झोप लवकर सुरू झाली की गाढ झोपेचा वाटा आधी संपतो आणि पहाटे रेमला जास्त वेळ मिळतो. घाबरू नका. उपाय लागू पडतोय की नाही हे स्वप्नांवरून ठरवायचं नाही, दिवसावरून ठरवायचं: लोकलमध्ये पेंग येते का, दुपारी चारला डोळे जड होतात का, एपवर्थचा आकडा खाली आला का.

दुसरा संशय गोळीवर. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर बरंचसं त्या नावावर अवलंबून आहे. मायग्रेन टाळण्यासाठी आपल्याकडे प्रोप्रॅनोलोल, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट अशी औषधं रोज घ्यायला देतात. प्रोप्रॅनोलोल असेल तर माझा संशय बराच वाढेल. ते मेंदूत सहज शिरतं, शरीराचं स्वतःचं मेलाटोनिन कमी करतं, आणि काही जणांना त्याने ठसठशीत स्वप्नं, तुटक झोप आणि दिवसा थकवा हे तिन्ही होतं. अ‍ॅमिट्रिप्टिलीन उलट रेम दाबतं, पण सकाळी गुंगी ठेवतं, आणि मधले डोस चुकले की दाबलेली रेम उसळते. फ्लुनारिझिनने सुस्ती येऊ शकते, वजन वाढू शकतं, काही जणांचं मन उदास होतं. म्हणून पहिला प्रश्न असा: ही स्वप्नं गोळीच्या आधीपासून आहेत की नंतर सुरू झाली? वहीतल्या तारखा पाहा. ती वही इथे खरोखर कामाला येईल.

गोळी मात्र मनाने बंद करू नका. प्रोप्रॅनोलोल एकदम थांबवलं तर नाडी आणि रक्तदाब उसळू शकतात. ज्यांनी गोळी दिली त्यांना भेटा, आणि वेळ, मात्रा किंवा औषध यातलं काही बदलता येईल का, हे विचारा. तुटलेल्या झोपेने मायग्रेनही बळावतो, त्यामुळे त्यांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठीही औषधांबद्दल थोडं. सर्दी-ॲलर्जीसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी माँटेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी आठवून पाहा. माँटेलुकास्टमुळे झोप आणि मन यांवर होणाऱ्या परिणामांबद्दल अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० साली सगळ्यात कडक दर्जाचा इशारा दिला, आणि त्यात विचित्र स्वप्नंही येतात. लहान मुलं रात्री दचकून उठायला लागली तर हे औषध चालू आहे का, ते जरूर पाहा. नैराश्यावरची एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारखी औषधं चालू असताना आणि एकदम बंद केल्यावरही स्वप्नं दाट होतात. स्मृतिभ्रंशासाठी आजी-आजोबांना रात्री दिलेलं डोनेपेझिल वाईट स्वप्नं आणत असेल तर ते सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावं. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. निकोटीनची पट्टी रात्री लावून झोपणाऱ्यांनाही हा त्रास होतो. आणि दारू. ती पूर्वरात्री रेम दाबते आणि उत्तररात्री उतरली की रेम जोराने परत येते, सोबत घाम, धडधड आणि तुटक झोप. ‘दोन पेग घेतले की शांत झोप लागते’ असं म्हणणाऱ्यांनी पहाटे तीननंतरचं स्वतःचे हाल पाहावेत.

तिसरा संशय श्वासावर, आणि माझी शाखाच ती असल्यामुळे इथे जरा थांबते. रेम झोपेत डोळे आणि श्वासपटल सोडले तर शरीराचे बहुतेक स्नायू सैल पडतात, म्हणूनच आपण स्वप्नात पळतो तेव्हा खाटेवरून उठून पळत नाही. घशाचे स्नायूही त्यातच सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद आहे, जबडा मागे आहे, वजन वाढलंय किंवा नाक चोंदलेलं असतं, त्यांचा श्वास नेमका रेममध्ये अडतो. प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा करतो, श्वास मोकळा होतो, पुन्हा झोप लागते. जाग थेट स्वप्नातून येत असल्यामुळे ते लक्षात राहतं. सकाळी हाती उरतं ते एवढंच: रात्रभर स्वप्नं आणि शिणवटा.

स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत असा श्वास अडण्याचा आजार) म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जाड मानेचा, भिंती हलवणारा घोरणारा पुरुष येतो. बायकांमध्ये चित्र बरंच वेगळं असतं. घोरणं हलकं असतं किंवा नवऱ्यालाच गाढ झोप असल्यामुळे त्याला ते कळत नाही. तक्रार थकवा, सकाळची डोकेदुखी, नीट झोप न लागणं, मनाची चिडचिड अशी असते. मग त्यांना रक्तवाढीच्या गोळ्या मिळतात, ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो, आणि श्वासाकडे कुणी पाहत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यावर उत्तम उपचार आहेत. पीसीओएस (अंडाशयाशी संबंधित हार्मोन्सचा विकार) असलेल्या, गरोदर आणि पाळी जाण्याच्या वयातल्या स्त्रियांमध्ये हा धोका आणखी वाढतो. सकाळी तोंड कोरडं पडणं, रात्री लघवीला उठणं, उठताना डोकं दुखून तासा-दोन तासांत थांबणं, यातलं काही तुम्हाला आहे का, हे नोंदवा. तुमची प्रत्येक डोकेदुखी मायग्रेनचीच आहे हे गृहीत धरू नका.

झोपेची तपासणी केलीत तर तिचा अहवाल वाचताना एक बारकावा लक्षात असू द्या. तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो, यावर तीव्रता ठरते. ५ च्या आत सामान्य, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. समजा तुम्ही सहा तास झोपलात, त्यातली ७२ मिनिटं रेम होती, आणि त्या वेळात तासाला २५ या वेगाने श्वास अडला. म्हणजे ३० वेळा. बाकी झोपेत एकदाही नाही. ३० ला सहा तासांनी भागलं की सरासरी ५ येते, आणि अहवालावर ‘जेमतेम सौम्य’ असं काहीतरी लिहून येतं. प्रत्यक्षात तुमची जवळजवळ सगळी रेम झोप फाटलेली असते. म्हणून रेममधला आकडा वेगळा दिलाय का, ते पाहा. घरी करायच्या छोट्या चाचण्यांमध्ये बऱ्याचदा मेंदूच्या लहरी मोजत नाहीत, त्यामुळे रेम कुठली हे त्यांना कळत नाही. अशी चाचणी ‘नॉर्मल’ आली आणि पेंग तशीच राहिली तर प्रयोगशाळेत रात्रभराची पूर्ण तपासणी मागावी.

तोवर घरी एवढं करा. यजमानांना फोनवर पहाटे चार ते सहा या वेळातला आवाज तीन-चार रात्री रेकॉर्ड करायला सांगा. घोरणं चालू असताना मध्येच शांतता आणि मग उसासा किंवा गुदमरल्यासारखा आवाज ऐकू आला तर ती ध्वनिफीत घेऊनच डॉक्टरांकडे जा. पाठीवर झोपल्यावर त्रास जास्त होतो, म्हणून कुशीवर झोपून फरक पडतो का पाहा.

बाकीची कारणं भराभर सांगते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी १२ या तपासण्या तुमच्या वयाच्या बाईने या तक्रारीत करून घ्याव्यात. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, आणि मग रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, झोप तुटते. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात, तेव्हा ऑफिसातला सहाचा चहा अकराला निम्मा अंगात असतो. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळणंही ढिलं पडतं, त्यामुळे मे महिन्यातल्या ठाण्याच्या उकाड्यात पहाटे जाग येणं साहजिक आहे. पंख्याची दिशा, मच्छरदाणी, उघडी खिडकी या साध्या गोष्टी कमी लेखू नका.

घड्याळाबद्दल. मनगटावरचं यंत्र हालचाल आणि नाडी मोजून झोपेचा अंदाज बांधतं. रेम ओळखायला मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण मोजावा लागतो. किती वाजता झोपलात आणि किती वाजता उठलात, एवढ्यापुरतं घड्याळ ठीक आहे. रेमच्या टक्केवारीवरून स्वतःला आजारी ठरवू नका. सकाळी उठल्याबरोबर तो आकडा पाहण्याची सवय काही आठवडे सोडा. स्वप्नांची वहीसुद्धा सध्या मिटून ठेवा. स्वप्नं लिहायला लागलं की ती अधिक आठवतात हे नेहमी दिसतं, आणि इंटरनेटवरचे अर्थ वाचून रात्रीची धास्ती वाढते.

सासूबाईंचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. दिवसभराच्या काळज्या स्वप्नांत येतात आणि काळजीने झोप हलकी होते. पण स्वप्नं नुसती दाट आहेत की भीतिदायक आहेत, यावर पुढचं अवलंबून आहे. तेच ते भयंकर स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल, अपघात, पूर, बाळंतपणातली गुंतागुंत, घरातला छळ अशा कशानंतर ते सुरू झालं असेल, आणि त्या भीतीने झोपायलाच नको वाटत असेल, तर त्यावर वेगळा उपचार आहे. दिवसाउजेडी स्वप्न कागदावर लिहायचं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलायचा, आणि ते बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवायचं. बॅरी क्रॅको आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवर केलेला या पद्धतीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात वाईट स्वप्नं आणि झोप दोन्ही सुधारली. आघात मोठा असेल तर हे एकट्याने करू नये, मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सोबत असावेत. वाईट स्वप्नांसोबत जगणं नकोसं वाटत असेल तर वाट पाहू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं.

काही लक्षणं मात्र अशी आहेत की घरचे प्रयोग न करता थेट तज्ज्ञाकडे जावं. पन्नाशीनंतर एखादा माणूस स्वप्नातली मारामारी खरोखर करू लागला, ओरडू लागला, शेजारी झोपलेल्या बायकोला लाथ लागू लागली, तर स्नायू सैल पडण्याची ती यंत्रणा बिघडलेली असू शकते. मिनेसोटातल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी १९८६ साली हा विकार प्रथम नीट मांडला. काही जणांमध्ये तो पार्किन्सनसारख्या आजाराच्या कित्येक वर्षं आधी दिसतो, म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे नोंद असलेली बरी, आणि तोवर पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवाव्यात. दुसरं, हसताना किंवा राग आल्यावर गुडघे एकदम लटपटणं आणि दिवसा आवरणार नाही अशी झोप. झोपेतून उठताना अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, हा अनुभव पुष्कळांना कधीतरी येतो आणि बहुतेक वेळा तो झोप अपुरी असल्यामुळेच येतो. पण गुडघे लटपटणं आणि अनावर झोप यांच्यासोबत तो येत असेल तर नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराची तपासणी हवी. तिसरं, गाडी चालवताना डुलकी. तुम्ही लोकलने जाता म्हणून डोंबिवलीवर निभावलं. स्कूटर चालवत असाल तर पेंग जाईपर्यंत ती बंद ठेवा.

म्हणजे तुमच्यासाठी पुढचे दोन आठवडे असे. एपवर्थ आज भरा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. रात्री अकराला दिवा बंद, सकाळी सहाला गजर, रविवारी फार तर तासभर जास्त. साध्या वहीत रोज चार गोष्टी लिहा: झोपलेली वेळ, उठलेली वेळ, दिवसा कुठे पेंग आली, डोकं दुखलं का. मायग्रेनच्या डॉक्टरांना गोळीबद्दल विचारा, रक्ताच्या तपासण्या करा, पहाटेचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. झोप वाढवूनही एपवर्थ १० च्या वर राहिला, किंवा रेकॉर्डिंगमध्ये श्वास अडल्यासारखा वाटला, तर झोपेचे आजार पाहणाऱ्या छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. सोबत ती वही, रक्ताचे अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं न्या, आयुर्वेदिक आणि ऑनलाइन मागवलेल्या झोपेच्या गोळ्यांसकट. गोळीचं नाव इथे कळवलंत तर त्याबद्दल आणखी नेमकं सांगता येईल.